गुरगुरता आवाज, गाता आवाज : ओपेथच्या चौदा अल्बमांचा स्वरप्रवास

मराठीत रॉक संगीतावर लिहिताना लेखणी बहुधा बीटल्स, बॉब डिलन, फार तर पिंक फ्लॉइडपाशी थांबते. त्यापुढच्या मेटल संगीताकडे आपण गोंगाट म्हणून पाहतो, आणि त्यातही डेथ मेटल म्हणजे तर निव्वळ आरडाओरडा, असे समजून कानावर हात ठेवतो. प्रस्तुत लेख अशा एका बँडविषयी आहे ज्याचा जन्म याच आरडाओरड्यात झाला. हा बँड स्टॉकहोमचा असून त्याचे नाव ओपेथ आहे. १९९५ ते २०२४ या काळात त्याने चौदा अल्बम काढले. २०१९ साली पुण्याच्या एनएच सेव्हन वीकेंडर महोत्सवातही तो वाजवून गेला. त्यामुळे हा विषय अगदीच सातासमुद्रापारचा राहिलेला नाही.

मी संगीतशास्त्राचा विद्यार्थी नाही. स्वरलिपी वाचायला मी चाळिशीनंतर शिकलो, आणि तीही अडखळतच. माझी पद्धत साधी आहे : एक अल्बम महिनाभर ऐकायचा आणि कोणत्या मिनिटाला काय बदलते ते वहीत टिपत जायचे. ओपेथचे चौदाही अल्बम असे ऐकल्यावर या बँडविषयी रूढ असलेली दोन्ही मते मला अपुरी वाटू लागली.

पहिले मत जुन्या चाहत्यांचे. २०११च्या 'हेरिटेज' अल्बममध्ये बँडने डेथ मेटलचा गुरगुरता आवाज पूर्णपणे टाकून दिला. चाहत्यांच्या लेखी हा दगा होता. दुसरे मत स्वतःला सुसंस्कृत समजणाऱ्या श्रोत्यांचे. त्यांच्या मते बँड तेव्हा वयात आला. आरडाओरडा संपला आणि संगीत सुरू झाले. ही दोन मते एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे : गुरगुरता आवाज एकीकडे, गाता आवाज दुसरीकडे, आणि बँडने एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवले. माझे म्हणणे असे की, ओपेथचे संगीत या दोन आवाजांच्या नात्यातून घडलेले आहे. बदलत गेले ते हे नाते. त्याचा माग काढला तर चौदा अल्बमांची संगती लागते; आणि कोणता अल्बम कुठे तोकडा पडतो, हेही कळते.

१

आधी या गुरगुरत्या आवाजाविषयी थोडे. घशातून काढलेला हा खोल, खरखरीत आवाज म्हणजे केवळ ओरडणे नव्हे. त्यात नेहमीच्या स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या घड्याही थरथरतात. श्वास सांभाळता आला नाही तर घसा बसतो. संगीताच्या दृष्टीने त्याचा महत्त्वाचा गुण असा की, त्याला निश्चित सूर नसतो. त्यात लय असते, शब्दांचा आघात असतो, रंग असतो; पण चाल नसते. अशा आवाजात 'सा' लावता येत नाही.

याचा परिणाम संपूर्ण वाद्यमेळावर होतो. गायक गुरगुरत असतो तेव्हा चाल सांभाळण्याची जबाबदारी गिटारवर येऊन पडते. गिटार साथीला राहत नाही. तीच गाऊ लागते आणि गायक जणू तालवाद्य होतो. गायक सुरात गाऊ लागला की उलट घडते : चाल गळ्याकडे जाते आणि गिटार मागे सरते. म्हणजे आवाज बदलतो तेव्हा वाद्यांची कामेही बदलतात. ओपेथची दहा-दहा मिनिटांची गाणी कंटाळवाणी का होत नाहीत, याचे उत्तर मला इथे सापडले. एकाच गाण्यात चालीची मालकी तीन-चार वेळा हस्तांतरित होते.

१९९०च्या सुमारास स्टॉकहोम हे डेथ मेटलचे मोठे केंद्र होते. एन्टूम्बडसारखे बँड तिथल्या सनलाइट स्टुडिओत करवतीसारखा कर्कश गिटारध्वनी घडवत होते. याच वातावरणात डेव्हिड इसबर्ग या गायकाने ओपेथची जुळवाजुळव केली. बँडचे नाव विल्बर स्मिथच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतल्या एका काल्पनिक नगरीवरून घेतलेले आहे. १९९२मध्ये इसबर्ग बाहेर पडला आणि गिटार वाजवणाऱ्या मिकाएल ओकरफेल्टकडे गायनही आले. १९७४ साली जन्मलेला हा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. तेव्हापासून आजतागायत बँडची सूत्रे त्याच्याच हाती आहेत.

'ऑर्किड' (१९९५) आणि 'मॉर्निंगराइज' (१९९६) हे पहिले दोन अल्बम डॅन स्वानो याच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. 'मॉर्निंगराइज'मध्ये पाचच गाणी आहेत. त्यातले 'ब्लॅक रोज इमॉर्टल' वीस मिनिटांचे आहे. या काळातली गाणी गोधडीसारखी आहेत : सुंदर तुकडे एकाशेजारी एक शिवलेले, पण टाके दिसतात. मात्र याच अल्बमचे शेवटचे गाणे, 'टू बिड यू फेअरवेल', दगा झाल्याचे म्हणणाऱ्यांनी पुन्हा ऐकावे. सुमारे अकरा मिनिटांच्या या गाण्यात गुरगुरता आवाज एकदाही येत नाही. साध्या गिटारच्या तारा, हळू लय आणि बावीस वर्षांच्या पोराचा थोडा बिचकलेला, कोवळा गाता गळा, एवढेच. म्हणजे 'हेरिटेज'चे बी पंधरा वर्षे आधी पेरलेले होते.

२

१९९८ ते २००३ या पाच वर्षांत बँडने पाच अल्बम काढले. मला हा त्याचा सर्वांत कसदार काळ वाटतो. बेस गिटार वाजवणारा आणि ड्रम वाजवणारा असे दोन साथीदार गेले. मार्टिन लोपेझ आणि मार्टिन मेंडेझ हे उरुग्वेशी नाते असलेले दोन वादक आले. लोपेझच्या ड्रमवादनात मेटलच्या रेट्याबरोबर एक झुलता, हलका हात होता, आणि त्यामुळे गाण्यांचे सांधे लवचिक झाले.

'माय आर्म्स, युअर हर्स' (१९९८) ही एक सलग भूतकथा आहे. प्रत्येक गाण्याचे शब्द पुढच्या गाण्याच्या शीर्षकावर येऊन संपतात. म्हणजे टाके लपवण्याचा प्रश्न बँडने रचनेच्या पातळीवरच हाताळला. 'स्टिल लाइफ' (१९९९) हीदेखील कथाच आहे : श्रद्धा नसल्यामुळे गावाबाहेर काढलेला एक माणूस मेलिंडा नावाच्या स्त्रीसाठी परत येतो. इथे दोन आवाजांना प्रथमच अर्थ मिळाला. गाता आवाज आठवणीचा आणि प्रेमाचा. गुरगुरता आवाज संतापाचा आणि गावाच्या क्रौर्याचा. 'फेस ऑफ मेलिंडा' या गाण्यात तर ओकरफेल्ट एकदाही गुरगुरत नाही. गाणे ब्रशने वाजवलेल्या ड्रमच्या मंद सळसळीने सुरू होते आणि अखेरीस विजेच्या गिटारी कोसळतात, तरी गळा गातच राहतो. आतला आकांत वाद्यांनी सांगितला आणि माणसाने तो आवरून धरला, असा तो परिणाम आहे.

त्यानंतर 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) आला. १९७०च्या दशकातल्या एका विस्मृत जर्मन रॉक बँडचे नाव ओकरफेल्टने शीर्षकासाठी उचलले. या काळातल्या दुर्मीळ रेकॉर्डी जमवण्याचे त्याला वेड आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात हे वेड निर्णायक ठरले. निर्मितीसाठी पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडचा स्टीव्हन विल्सन सोबत आला. विल्सनने गात्या आवाजाचे अनेक पदर एकमेकांवर रचायला शिकवले. पियानो आणि दूरवरून येणारे ध्वनी आणले. 'द ड्रेपरी फॉल्स' हे या अल्बममधले गाणे मी अननुभवी श्रोत्याला सर्वप्रथम ऐकवतो. ते गात्या आवाजात उघडते, मधल्या भागात गुरगुरत्या काळोखात उतरते आणि अखेर सुरुवातीच्याच चालीवर परतते. पण ती चाल आता तीच राहिलेली नसते. मधून आपण कुठून जाऊन आलो, ते तिच्यावर उमटलेले असते. या गाण्यातून गुरगुरता भाग वगळून पाहा : उरते ते एक छान, पण निरुपद्रवी गाणे. सुसंस्कृत श्रोत्याला माझे हेच उत्तर आहे.

पुढे बँडने दोन आवाज प्रयोगादाखल वेगळे केले. एकाच सुमारास दोन अल्बम रचले : 'डिलिव्हरन्स' (२००२) जड आणि 'डॅम्नेशन' (२००३) पूर्णपणे मृदू. 'डॅम्नेशन'मध्ये मेलोट्रॉन हे वाद्य सर्वत्र पसरलेले आहे. दिसायला ते पेटीच्या चुलत भावासारखे; पण त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो, आणि पट्टी दाबली की त्यावर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर वाजतो. आठेक सेकंदांत फीत संपते, म्हणून सूर फार काळ धरता येत नाही. या वाद्यात जुन्या, ओलसर खोलीचा वास असतो. 'डॅम्नेशन' देखणा आहे, एकसंध आहे. पण मला तो एका डोळ्याने पाहिलेल्या दृश्यासारखा वाटतो. रंग सगळे आहेत, खोली कमी.

३

'घोस्ट रेव्हरीज'पासून (२००५) कीबोर्डवादक पेर विबर्ग बँडचा अधिकृत सदस्य झाला. ही बाब किरकोळ नाही. आता चाल सांभाळायला गळा आणि गिटार यांच्याबरोबर तिसरा वारसदार आला. पुढच्या दोन वर्षांत लोपेझ गेला आणि पहिल्या अल्बमपासूनचा साथीदार पीटर लिंडग्रेनही गेला. त्यांच्या जागी मार्टिन ॲक्सेनरोट आणि फ्रेड्रिक ओकेसन आले.

इथे माझ्या वहीतला हिशेब मांडतो. ज्या गाण्यांत गुरगुरता आवाज अजिबात नाही आणि गाता आवाज आहे, अशी गाणी 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये आठांपैकी एक. 'घोस्ट रेव्हरीज'मध्ये आठांपैकी तीन. 'वॉटरशेड'मध्ये (२००८) सातांपैकी चार. म्हणजे ज्याला मेटल काळातला शेवटचा अल्बम म्हटले जाते, त्यातच निम्म्याहून अधिक गाणी फक्त गायलेली आहेत. डोंगराच्या ज्या धारेवरून पाणी दोन बाजूंना वाहते, ती धार म्हणजे वॉटरशेड. बँडने शीर्षकातच सांगून टाकले होते. ऐकणाऱ्यांनी ऐकले नाही.

याच अल्बमात दोन धाडसी गोष्टी आहेत. 'द लोटस ईटर'मध्ये ड्रम अतिवेगाने गोळीबार करत असताना ओकरफेल्ट त्यावर संथ, सुरेल गातो. आजवर गुरगुरण्यासाठी राखून ठेवलेली जागा गात्या आवाजाने घेतली. आणि 'बर्डन'च्या शेवटी साधी गिटार वाजत असतानाच तिच्या खुंट्या एकेक करून सैल केल्या जातात. तोच हात, तीच चाल. पण सूर घसरत घसरत बेसूर होतो. गाणे डोळ्यांदेखत म्हातारे होते. ज्या बँडला आपलीच शैली सैल करावीशी वाटू लागली आहे, त्याचे यापेक्षा नेमके चित्र सापडणार नाही.

४

'वॉटरशेड'नंतर ओकरफेल्टने त्याच धाटणीची काही गाणी रचली होती. ती ऐकून मेंडेझ म्हणाला की, पुन्हा याच वाटेने गेलो तर माझी निराशा होईल. ती गाणी बाद झाली आणि 'हेरिटेज' (२०११) तयार झाला.

शीर्षक वारशाविषयी आहे, आणि वारसा दोन अर्थांनी. एक, सत्तरच्या दशकातल्या रॉकचा. दुसरा, थेट स्वीडिश मातीचा. अल्बम एकट्या पियानोने उघडतो. या तुकड्यामागे यान योहानसन या स्वीडिश पियानोवादकाची छाया आहे. १९६४ साली योहानसनने 'याझ पो स्वेन्स्का' या अल्बममध्ये स्वीडिश लोकगीते पियानो आणि बेस एवढ्याच वाद्यांवर जॅझच्या अंगाने वाजवली होती. पिपी लाँगस्टॉकिंगच्या प्रसिद्ध गाण्याची चालही त्याचीच, म्हणजे स्वीडनमधल्या कित्येक पिढ्यांच्या कानात हा माणूस लहानपणापासून बसलेला आहे. 'फॅमिन' या गाण्यात ब्यॉर्न यसन लिंड या जुन्या पिढीतल्या स्वीडिश वादकाची बासरी आहे. मुखपृष्ठावर एक झाड आहे : फळांच्या जागी बँडच्या सदस्यांचे चेहरे, मुळे खाली नरकात गेलेली, आणि बँड सोडून चाललेल्या विबर्गचे डोके फांदीवरून गळून पडत असलेले.

कल्पना म्हणून हे सगळे समृद्ध आहे. तरीही 'हेरिटेज' मला तोकडा वाटतो. मात्र त्यातून गुरगुरता आवाज गेला, हे त्याचे कारण नाही. तो गेल्यावर गिटारचे काम गेले, आणि नवे काम अजून ठरले नव्हते, हे खरे कारण. गाणी थबकतात, शांत होतात, पुन्हा उसळतात. पण कोणता भाग कोणाला उत्तर देतो आहे, हे कळत नाही. 'मॉर्निंगराइज'मधले दिसणारे टाके इथे परत आले. फरक इतकाच की, पोराच्या टाक्यांत घाई होती आणि सदतिशीच्या माणसाच्या टाक्यांत संकोच आहे.

'पेल कम्युनियन' (२०१४) वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत झाला आणि तिथे उत्तर सापडले : गळ्यांचे थर. एकाच गात्या आवाजाच्या तीन-चार पट्ट्या परस्परांत गुंफून ओकरफेल्टने गळ्यालाच वाद्यमेळ केले, आणि तंतुवाद्यांचा समूह जोडून शेवटच्या 'फेथ इन अदर्स'ला भारदस्त खोली दिली. 'सॉर्सरेस' (२०१६) याच वाटेवरचा मुक्काम आहे; त्यावर अधिक रेंगाळत नाही.

५

'इन कॉडा व्हेनेनम' (२०१९) मात्र थांबून ऐकावा लागतो. मुलांना शाळेत सोडायला जाताना गाडीत ओकरफेल्टला सुचले की, हा अल्बम स्वीडिशमध्ये करावा. बारा अल्बम इंग्रजीत गायल्यानंतर हा माणूस मायबोलीकडे वळला. पुढे अल्बमची इंग्रजी आवृत्तीही केली. दोन्ही एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. वाद्यवादन तेच, गळा तोच, भाषा वेगळी. अभ्यासकाला इतका स्वच्छ तुलनाप्रसंग क्वचितच मिळतो.

मला स्वीडिश येत नाही. पण दोन्ही आवृत्त्या सलग ऐकल्यावर जे कानाला कळते, ते शब्दकोशावर अवलंबून नाही. स्वीडिश भाषेत शब्दांना स्वतःचे चढउतार असतात. एकाच शब्दाचा अर्थ कधी कधी सुराच्या वळणावर ठरतो. त्यामुळे स्वीडिश गाण्यात चाल आणि उच्चार हातात हात घालून चालतात. इंग्रजी आवृत्तीत तीच चाल थोडी शिष्टाचाराने वागते. एका गाण्यात स्वीडनचे पंतप्रधान उलॉफ पाल्मे यांचा ध्वनिमुद्रित आवाज आहे. १९८६मध्ये पाल्मे यांची स्टॉकहोममध्ये भर रस्त्यात हत्या झाली, तेव्हा ओकरफेल्ट अकरा-बारा वर्षांचा असेल. बाहेरच्या श्रोत्याला तो फक्त एक बोलणारा माणूस. स्वीडिश श्रोत्याला ती जखम आहे. डेथ मेटलची इंग्रजी ही जगभराची इंग्रजी होती, कुठल्याच गावाची नसलेली. गुरगुरत्या आवाजाने जे परकेपण, जी धार पूर्वी पुरवली होती, ती इथे उलट्या दिशेने, जवळिकीतून आली. दोन आवाजांच्या जागी दोन भाषा आल्या. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिणारा अरुण कोलटकर ज्यांनी वाचला आहे, त्यांना भाषा बदलली की माणूसही किंचित बदलतो, हे समजावून सांगायला नको.

६

आणि मग २०२४च्या नोव्हेंबरात 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला आणि सोळा वर्षांनी नव्या अल्बमात गुरगुरता आवाज परतला. चाहत्यांनी उत्सव केला : आमचा ओपेथ परत आला. माझ्या मते परत आलेले असे काही नाही. जे आले ते नवीनच आहे.

कथा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात घडते. एका धनाढ्य घराण्याचा कर्ता पुरुष मेला आहे आणि त्याचे मृत्युपत्र वाचले जात आहे. पहिल्या सात गाण्यांना नावे नाहीत, फक्त कलमांचे क्रमांक आहेत. कोण कोणाचे मूल, मालमत्ता कोणाला, हे कलमागणिक उलगडते आणि उलटते. जेथ्रो टल या इंग्लिश बँडचा इयान अँडरसन इथे निवेदन करतो, बासरीही वाजवतो. ज्या सत्तरच्या दशकावर ओकरफेल्टने आयुष्यभर प्रेम केले, त्यातला एक जिवंत माणूस त्याच्या गोष्टीत येऊन बोलू लागला.

आणि गुरगुरता आवाज? तो आता मेलेल्या बापाचा आहे. मातीखालून हुकूम सोडणारा, हयात असलेल्यांची आयुष्ये दोन वाक्यांत उधळून लावणारा. सुरुवातीला हा आवाज संगीतप्रकाराचा होता : डेथ मेटल आहे म्हणून गुरगुरायचे. 'स्टिल लाइफ'मध्ये तो मनःस्थितीचा झाला. 'हेरिटेज'पासून तो मुका झाला. आता तो एका पात्राचा झाला आहे, आणि त्या पात्राला दुसरा आवाज शोभलाच नसता. अल्बमचे शेवटचे गाणे, ज्याला एकट्यालाच नाव आहे, पूर्णपणे गायलेले आहे. मृत्युपत्र वाचून झालेले असते, बापाचे बोलणे संपलेले असते, आणि तेव्हा एका चिठ्ठीतून जे कळते त्याने आधीचे सारे निवाडे फोल ठरतात. 'शेपटीत विष' हा आधीच्या अल्बमच्या लॅटिन शीर्षकाचा अर्थ खरे तर या शेवटालाच लागू पडतो.

दगा आणि प्रगती हे दोन्ही शब्द म्हणूनच मला इथे निरुपयोगी वाटतात. कलावंताने एखादी गोष्ट सोडली की आपण लगेच विचारतो, बरे केले की वाईट? अधिक उपयोगी प्रश्न असा : ती गोष्ट जे काम करत होती, ते काम आता कोण करते आहे? 'हेरिटेज'मध्ये याला उत्तर नव्हते, 'पेल कम्युनियन'मध्ये मिळाले, 'इन कॉडा व्हेनेनम'मध्ये अनपेक्षित उत्तर मिळाले. आणि सोडलेली गोष्ट परत आली तर विचारायचे : जुन्याच कामावर आली, की नव्या?

ज्यांनी हा बँड कधी ऐकलेला नाही, त्यांनी 'फेस ऑफ मेलिंडा', 'द ड्रेपरी फॉल्स', 'बर्डन', 'फेथ इन अदर्स' आणि शेवटी मृत्युपत्राचे पहिले कलम, या क्रमाने ऐकावे. तासाभरात काम होईल. गुरगुरता आवाज आला की लगेच बंद करू नये. गायकाकडचे लक्ष काढून गिटार काय गाते आहे तिकडे कान द्यावा. चाल तिथे असते.